उरलेली तीन मडकी

२१ जानेवारी १९८४

आज जे झाले ते असे:

१. गाळाच्या चारही खड्ड्यांचे खोदकाम आणि बांध पूर्ण झाले. तिसऱ्या खड्ड्यात शेताच्या बाजूने पाझर आहे. तळाला वीतभर पाणी साचले.

२. जेवणाच्या सुट्टीत खालच्या गावातून सात-आठ बाया आल्या. चौघींच्या डोक्यावर मडकी होती. चौकीदाराने अडवले नाही.

३. त्यांच्यातल्या एकीने (नाव कुंताबाई) तिसऱ्या खड्ड्याला हळद-कुंकू वाहिले आणि मडके त्यात पालथे केले. मडक्यात काळा, ओला गाळ होता.

४. मी पोहोचले तेव्हा दुसरी बाई चौथ्या खड्ड्याकडे निघाली होती. मी थांबवले. उरलेली तीन मडकी त्यांनी परत नेली.

५. चौकीदाराला समज दिली. मॅनेजर घनश्यामजींना तोंडी कळवले. ते हसले.

६. मडक्यातल्या गाळाचा नमुना घेतला नाही. गरज वाटली नाही.

२३ जानेवारी

कारखान्याच्या नोंदी कारखान्यात राहतात. ही वही खोलीवर राहील.

आमच्या कारखान्यात धानाचे तणस, म्हणजे पेंढा, चुन्यात शिजवून पुठ्ठा करतात. जे काळे पाणी उरते ते नाल्यात जाते, नाला गावच्या तलावात जातो आणि तलावाचे पाणी धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत. इतकी वर्षे असेच चालले. मग सरकारची नोटीस आली आणि कारखान्याने मला नेमले. इथे बाई मी एकटीच आणि सूक्ष्मदर्शकही एकच, त्यामुळे दोन्ही गोष्टी पाहायला लोक सारख्याच कुतूहलाने येतात. माझे काम असे: पाणी निवळायचे, चुना मारायचा, हवा देऊन त्यात जीवाणू वाढवायचे, खाली बसणारा गाळ या चार खड्ड्यांत साठवायचा. पाण्याचे काय करायचे हे पुस्तकात नीट दिले आहे. गाळाचे काय करायचे या प्रकरणाला आठच पाने होती.

पंपावरचा तुलाराम हा कुंताबाईचा जावई निघाला. त्याने आज तिला माझ्यापुढे उभे केले, म्हणजे मी तिला रागावावे. मी विचारले की खड्ड्यात काय ओतले.

"माती ओतली जी. तलावची."

"कशाला?"

"नवी बोडी खोदली का जुन्या तलावची माती द्याची असते. मंग ते आपल्यातली होते. आपल्यातली झाली का गावाले तरास देत नाई."

"ही पाण्याची बोडी नाही. कारखान्याचा गाळ टाकायचा खड्डा आहे."

"असन. पन खोदला तं आमच्याच जमिनीत ना? एकीले खाऊ घातलं अन् तिघींले उपाशी ठेवलं तुमी. बरं नाई करत बाई."

तुलाराम म्हणाला, "मॅडम, माही सासू म्हशीलेही लेक्चर देते. तुमी मनावर घेऊ नोका."

मनावर घेतले नाही.

९ फेब्रुवारी

हवेच्या टाकीतला थेंब प्रथमच काचेखाली नीट दिसला. तीन आठवडे नुसता काळा चिखल होता. आज त्यात देठावर डोलणारी घंटेसारखी फुले होती. प्रत्येक घंटेच्या तोंडाशी केस, आणि केस फिरून पाण्यात भोवरा होतो, भोवऱ्यातून अन्न आत जाते. काचेला नख लागले की सगळे देठ स्प्रिंगसारखे आखडतात. मग एकेक करून पुन्हा उलगडतात. वर्गात चित्रे काढली होती. चित्रात ती आखडत नाहीत.

तुलारामला दाखवले. तो बराच वेळ डोळा लावून उभा राहिला.

"बाप रे! हे सारे आपल्या घाणीत? मॅडम, हे पगारावर हायेत का रोजीवर?"

मी हसले नाही. नोंदीत लिहिले: सूक्ष्मजीव भरपूर. खोलीवर आल्यावर लक्षात आले की 'भरपूर' हा काही आकडा नाही. उद्या दुरुस्त करीन.

१४ मार्च

चारही खड्ड्यांत दर आठवड्याला सारखाच गाळ सोडतो. बांबूला खुणा करून पातळी मोजते. पहिला, दुसरा आणि चौथा माझ्या हिशेबाप्रमाणे भरत आहेत. मे संपता काठोकाठ होतील. तिसरा निम्म्याच्याही खाली आहे.

तीनदा मोजले. बांबू बदलून मोजले. तिसऱ्यात रंग टाकून नाल्यात पाहिले, रंग उतरला नाही, म्हणजे गळती नाही. कोणी बैलगाडीने नेला असे म्हणावे तर काठावर चाकोरी नाही.

एकच शक्यता राहते. प्रत्येक खड्ड्याला नाल्याकडे उघडणारे गेट आहे आणि चावी तुलारामकडे असते.

१७ मार्च

विचारले. सरळ विचारले, आडून विचारणे मला जमत नाही.

"तुलाराम, तिसऱ्याचे गेट तुम्ही उघडता का?"

"कायले जी?"

"गाळ कमी दिसावा म्हणून."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "गेट उघडलं तं गाळ कुठी जाते? तलावात. तलावाखालची बांधी कोनाची? माह्या सासूची. सासूच्या धानाचा भात खाते कोन? मीच. मी माह्याच ताटात थुकन का मॅडम?"

मी म्हटले, तरीही चावी माझ्याकडे असू द्या.

त्याने चावी शर्टाला पुसली आणि टेबलावर ठेवली. जाताना दारात थांबून म्हणाला, "दोन साल झाले, मृगाच्या पुरात कारखान्यानंच जुन्या हौदातला गाळ सोडला होता. धानाचे पऱ्हे, कवळी रोपं, जळले साऱ्या गावचे. मासोया उताण्या पडल्या. तवा हौदाचं गेट उघडाले मलेच लावलं होतं. मी उघडलं. आता नाई उघडत."

हे मला माहीत नव्हते. घनश्यामजींना विचारले. ते भंडाऱ्याच्या पितळेच्या दुकानदारांतले. बोलताना समोर असेल ती वस्तू बोटाने ठोकून पाहायची त्यांना सवय आहे. माझा काचेचा बीकर ठोकत म्हणाले, "पुरात सोडलं का पुराचंच नाव होते मॅडम. यंदाही मालकाचा हुकूम तोच असन. खड्डे भरले तं दुसरं करता काय?"

खड्डे मी भरते आहे. म्हणजे माझे वर्षभराचे काम एवढेच की नाल्यात रोज थोडे थोडे जाणारे मी गोळा करून ठेवायचे, आणि मृगात त्यांनी ते एकदम सोडायचे.

२ एप्रिल

दोन आठवडे चावी माझ्या पेटीत आहे. तिसरी बोडी अजूनही खाली जात आहे. शनिवारी गाळ सोडला तेव्हा वर आली, आज पुन्हा खाली.

तुलाराम कामापुरते बोलतो. "पंप लावला." "पंप बंद केला." विनोद नाही. टाकीजवळ शांतता असते. कामाला ती चांगली.

११ एप्रिल

दुपार. वारा नव्हता. तिसरीच्या काठावर बसून बांबू आत घालणार होते.

पाण्याखालचा गाळ लाल होता. आधी वाटले लोहाचा थर असेल. नीट पाहायला वाकले. माझी सावली पाण्यावर पडली, आणि जेवढी सावली होती तेवढा लाल रंग नाहीसा झाला. माझ्या डोक्याचा, खांद्याचा, हातातल्या बांबूचा काळा आकार गाळावर उमटला. मी मागे सरले. आकार थोडा वेळ तसाच राहिला. मग लाल परत आला, कडेकडून नव्हे, सगळीकडून एकदम, जसा माणसाच्या चेहऱ्यावर रंग चढतो.

पुन्हा वाकले. पुन्हा काळे.

हे मी किती वेळा केले ते लिहीत नाही.

१२ एप्रिल

किडे आहेत. दोऱ्यासारखे, बोटाच्या पेराएवढे लांब. ट्युबिफेक्स किंवा त्याच घराण्यातले. पुस्तकात त्यांच्यावर एक परिच्छेद आहे. तो परीक्षेला नव्हता.

डोके गाळात पुरलेले, शेपूट वर पाण्यात. खातात डोक्याने, श्वास घेतात शेपटीने, आणि पाण्यात प्राणवायू कमी असला की शेपूट जास्त हलवतात. काल पाहिलेला लाल रंग म्हणजे नुसत्या शेपट्या. हाताच्या पंजाएवढ्या जागेतल्या मोजायला घेतल्या, मोजता आल्या नाहीत.

एकाला काचेखाली ठेवले. अंग पारदर्शक. पाठीवरून रक्ताची लाल रेघ जाते आणि तिच्यात रक्ताची लाट मागून पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. त्याच्या खाली आतड्यात आमचा गाळ दिसत होता. आमचा काळा गाळ, ज्याच्यासाठी मी सात महिने झोपेत आकडेमोड केली, तो त्या धाग्याएवढ्या जिवातून हळूहळू पुढे चालला होता. मागून निघाला तेव्हा मोहरीहून बारीक, घट्ट, वेगवेगळे कण झाले होते. ते तळाला बसतात आणि पाणी सोडून देतात. खाल्लेल्यातला काही भाग त्यांच्या श्वासात संपतो. म्हणून पातळी उतरते. गाळ कोणी नेला नाही. गाळ जगण्यात खर्च होत आहे.

हे वाक्य अहवालात घालता येणार नाही. इथे राहू द्यावे.

एक प्रश्न. आमचा गाळ चुन्यात उकळलेल्या तणसाचा. त्यातून यांचे येणे अशक्य. पाझरातून आले? बांधाच्या मातीतून? बगळ्यांच्या पायांतून? कारण सापडत नाही.

१३ एप्रिल

तुलारामला चावी परत दिली. म्हटले, तुमच्यावर घेतलेला संशय चुकीचा होता, तसे मी लेखी द्यायला तयार आहे.

"लेखी कायले जी? लेखी देल्लं तं सासू फ्रेम करून लावन घरात." मग खालच्या आवाजात, "पन मंग नेलं कोनं?"

त्याला तिसरीवर नेले आणि वाकायला सांगितले. त्याची सावली माझ्यापेक्षा मोठी पडते. गाळ काळा झाला तसा तो ताठ उभा राहिला, मग पुन्हा वाकला. त्याने टोपी काढली. उन्हासाठी नव्हे, ऊन डोक्यावरच होते.

"मॅडम," तो म्हणाला, "हे आपल्याले वळखून राहिले."

ओळखत नाहीत, सावलीला घाबरतात, हे मी त्याला समजावले. तो हो जी, हो जी म्हणत राहिला.

१९ एप्रिल

एक बादली किडे धुऊन घेतले आणि पहिल्या खड्ड्याच्या कोपऱ्यात सोडले. दोन दिवसांत मेले. चुना जास्त असावा. विहिरीचे पाणी सोडून चुना उतरवला, पुन्हा सोडले. आज काही जिवंत आहेत, पण नुसते एकमेकांना गुंडाळून लोकरीच्या गुंड्यासारखे पडले आहेत. गाळात शिरत नाहीत.

तिसरीत काय वेगळे आहे?

२३ एप्रिल

तुलाराम म्हणाला, सासू तुम्हाला तलावावर बोलावते. गेले.

पाणी बरेच आटले आहे. कुंताबाई काठाशी गुडघाभर गाळात उभी राहून शिंगाडे लावायच्या जागेतले गवत काढत होती. मला म्हणाली, चपला काढून आत या. मी काठावरच थांबले. तिने वाकून ओंजळभर गाळ उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"जावई सांगत होता का तुमाले लाल किडे सापडले. हे का ते?"

तिच्या बोटांमधून लाल धागे हलत होते.

"हे इथे नेहमी असतात?"

"सदाचेच. मासोया हे खायासाठीच तं काठाले येतेत."

मला जानेवारीतली सहावी नोंद आठवली. नमुना घेतला नाही, गरज वाटली नाही.

"म्हणजे तुम्ही मडक्यात मुद्दाम हेच भरून आणले होते?"

कुंताबाई इतकी हसली की ओंजळीतला गाळ सांडला. "किडे वाहाले कोन जाते बाई? आमी माती देल्ली. माहेरची माती देते तशी. त्यात जे असन ते असन."

म्हणजे तिलाही माहीत नव्हते. याने मला बरे वाटले की नाही ते ठरवता आले नाही.

परत निघताना तिने विचारले, "गेट उघडन का यंदा?"

मी म्हटले, माहीत नाही.

"माहा पऱ्हा गेटाच्या नाकासमोर हाये," ती म्हणाली, आणि पुन्हा गवत काढू लागली. माझ्याकडे पाहिले नाही. चपला काढून मी आत उतरले असते तर काही बिघडले नसते, असे रस्त्यात वाटले.

८ मे

मालकांचा नागपूरहून फोन. मृग लागला, नाला चालू झाला की गेट उघडा.

मी घनश्यामजींना तिसरीवर चला म्हटले. ते छत्री घेऊन आले. बांध ठोकून पाहिला. मग पाणी पाहिले. मी सांगितल्याप्रमाणे उघडी छत्री पुढे धरली. गाळावर छत्रीएवढे काळे वर्तुळ पडले. छत्री मागे घेतली. वर्तुळ लाल होऊन मिटले. त्यांनी छत्री पुन्हा पुढे धरली. मग मागे. मग पुढे. तेवढ्यात फोनची घंटा झाली, शिपाई हाका मारत आला, तरी त्यांचे संपेना.

"अजी, हे काय चीज हाय मॅडम?"

सांगितले. शेवटी म्हटले, बाकी तिन्ही अशा झाल्या तर गेट उघडायची गरज पडणार नाही. पुढच्या वर्षीही नाही.

"खरं हाय. पन मालकाले काय सांगू? मालक विचारन, मी मॅडम ठेवली, मॅडमनं किडे ठेवले, आता किडे कोनाले ठेवतेत?"

हा विनोद त्यांना फार आवडला, ऑफिसपर्यंत ते हसत गेले. गेटचे काही ठरले नाही.

मी आकडे पुन्हा मांडले. तिसरीत जागा आहे. सगळा नवा गाळ तिच्यातच सोडला आणि आषाढात कारखाना दुरुस्तीसाठी महिनाभर बंद राहतो तो धरला, तर पोळ्यापर्यंत निभावते. तेवढ्यात बाकीच्या तिघींना काठ सोडून खाली यायला हवे. शक्य आहे. नक्की नाही.

२० मे

घनश्यामजींनी बोलावले. टेबलावर पितळेचा नवा गडवा होता, तो ठोकत होते.

"मॅडम, पोळ्यापर्यंत थांबतो. तवरी मालकाले मी सांगन का गेट जाम झालं, मिस्त्री पाहून राहिला. पन पोळ्याले तिन्ही खड्डे उतरलेले पायजेत. नाई उतरले तं मी गेट उघडन, अन् तवा तुमी मले आडवं याचं नाई. मंजूर?"

मंजूर म्हटले.

"घरी त्या दिवशी जेवताना बायकोनं विचारलं, काय झालं, भात काहून चिवडून राहिले? मी म्हनलं, माह्या सावलीनं एवढा मोठा तलाव काळा झाला आज." ते गडव्याकडे पाहत होते. "बावीस साल झाले मले या कारखान्यात. त्या पान्याकडे मी कधी वाकूनच पाहालं नव्हतं."

मी उठले. दारात पोहोचल्यावर त्यांनी विचारले, "होईल ना पन?"

माझ्याकडे एक यशस्वी खड्डा आणि एक अपयशी बादली आहे. यावरून होईल असे म्हणता येत नाही. मी म्हटले, होईल.

२१ मे

सकाळी खडूने फळ्यावर फरक मांडले. तिसरीत पाझराचे पाणी होते. बाकीच्यांत विहिरीचे सोडले आहे, तो फरक मिटला. तिसरीत चुना कमी होता. बाकीच्यांत आता उतरवला आहे. उरतो एकच फरक. बादलीत मी किडे धुऊन घेतले होते. मडक्यात कोणी काही धुतले नव्हते.

खालील पत्र उद्या तुलारामबरोबर पाठवायचे. नक्कल इथे ठेवते.

श्रीमती कुंताबाई यांस,

हे पत्र तुलाराम वाचून दाखवतील.

२१ जानेवारीला तुम्ही कारखान्याच्या खड्ड्यांसाठी चार मडकी माती आणली होती. एक तिसऱ्या खड्ड्यात ओतले गेले. उरलेली तीन मी परत पाठवली. परत पाठवायला माझ्याजवळ त्या दिवशीही योग्य कारण नव्हते.

आता पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या खड्ड्यासाठी तीन मडकी माती हवी आहे. माती त्याच तलावाची, त्याच काठाची असावी. मडकी तीच असल्यास बरे. ज्या बाया त्या दिवशी आल्या होत्या त्याच येऊ शकल्या तर यावे. हळद-कुंकू त्या दिवसाप्रमाणे वाहावे. ओतताना तुम्ही काही म्हणाला होतात का, हे मी दूर असल्यामुळे मला ऐकू आले नव्हते. म्हणाला असाल तर तेही पुन्हा म्हणावे.

तिसऱ्या खड्ड्यात जे झाले ते यांतल्या नेमक्या कशामुळे झाले हे मला माहीत नाही. जोवर माहीत नाही तोवर यांतले काहीही वगळण्याचा मला अधिकार नाही.

चौकीदार अडवणार नाही. फाटकावर मी स्वतः असेन आणि चौथे मडके लागल्यास ते मी उचलेन.

ही खात्री नाही, प्रयत्न आहे. तो फसला तर पोळ्याला गेट उघडेल, आणि तुमचा धान त्याच्यासमोर उभा असेल. हे तुम्हाला आधी सांगणे माझे काम आहे.

७ जूनला मृग लागतो. त्यापूर्वी माती खड्ड्यांत पडायला हवी. म्हणून येणार की नाही, ते कृपया ३१ मेपर्यंत तुलारामकडे कळवावे.

चंद्रकांता